रशीद चाचांचं रेडिएटर

आमच्या घरी गाडी नव्हती, पण आमची सकाळ गाडीच्या आवाजानं व्हायची. बेगमपुऱ्यात आमच्या गल्लीच्या टोकाला रशीद चाचांचं घर होतं आणि त्यांच्या अंगणात पत्र्याच्या छपराखाली एक काळी, गोल पाठीची विलायती गाडी उभी असायची. पहाटेची नमाज झाली की चाचा तिचं झाकण उघडून पाणी ओतायचे, मग पुढून दांडा घालून फिरवायचे. ती आधी खोकायची, मग रुसून गप्प बसायची आणि बऱ्याच मिनतवाऱ्या झाल्यावर एकदम गुरगुरायला लागायची. आई चुलीपाशी भाकरी थापता थापता म्हणायची, "उठा गं, गाडी उठली." आमच्या विहिरीचं पाणी जड, भांड्याला पांढरा थर बसवणारं, म्हणून चाचा गाडीसाठी लांबच्या हौदावरून नहरीचं पाणी बादलीनं आणायचे. माणसाला प्यायला हंडाभर मिळना आन् हिला नहरीचं लागतंय, अशी आईची रोजची कुरकुर असायची. पण त्यातलीच एक कळशी चाचा आमच्या दारात ठेवून जात, त्यामुळे त्या कुरकुरीत कौतुकच जास्त असे.

चाचा पाटबंधारे खात्यात नकाशे काढायचे. गाडी त्यांच्या हुद्द्याला शोभणारी नव्हती. ती त्यांच्या वडिलांनी निजामाच्या अमदानीत घेतलेली. माझे वडील, अण्णा, सरकारी शाळेत गणित शिकवायचे. दोघे लहानपणी उर्दू शाळेत एका बाकावर बसलेले आणि गाडी चालवायलाही एकत्रच शिकलेले. पोलीस अॅक्शनच्या दिवसांबद्दल आमच्या घरात फारसं बोललं जात नसे. एवढं मात्र सगळ्यांना ठाऊक होतं की त्या धामधुमीत चाचांच्या वडिलांनी गाडीची किल्ली अण्णांच्या हातात दिली, अण्णांनी ती गंगापूरकडच्या आमच्या शेतावर नेऊन कडब्याच्या गंजीआड उभी केली आणि सगळं शांत झाल्यावर ओरखडाही न उठता परत आणून दिली. चाचांचे भाऊ हैदराबादला निघून गेले. चाचा आणि गाडी इथंच राहिले.

संध्याकाळी आमच्या ओट्यावर दोघांची बैठक असायची. रेडिओवरच्या उर्दू बातम्या, त्यावर दोघांची टीका, आणि आईच्या हातचा आलं घातलेला चहा. चाचा आमच्या घरात सरळ स्वयंपाकघराच्या दारापर्यंत यायचे, "भाभी, ठेचा है क्या?" विचारायचे आणि भाकरीच्या तुकड्यावर ठेचा घेऊन ओट्यावर जाऊन बसायचे. अण्णांना हे जमत नसे. ते कुणाकडे काही मागायचे नाहीत. आईनं शेजारून विरजण आणलेलंसुद्धा त्यांना खपत नसे. चाचांची बायको, आमच्या चाची, खट्टी दाल आणि बगारे बैंगन झाकून पाठवायच्या. त्यांचं भांडं आई धुऊन, त्यात धपाटे नाहीतर शेंगदाण्याची चटणी घालूनच परत करायची. भांडं रिकामं परत करणं म्हणजे दोन्ही घरांत पाप होतं. आम्हा मुलींना तर कोणतं पातेलं मुळात कुणाचं हेही सांगता आलं नसतं.

मी कॉलेजात जायला लागले त्या वर्षी चाचांनी मला गाडी शिकवायला घेतली. आमच्या भागात तेव्हा मुलगी सायकलवर दिसली तरी माणसं मान वळवून बघत. छावणीच्या बाजूला एक मोकळं मैदान होतं. चाचा शेजारी बसायचे, हातात तसबीहची माळ, आणि मी गिअर चुकवला की त्यांचे ओठ जरा जोरात हलायचे. घरी आई यातलं आपल्याला काहीच माहीत नाही असं दाखवायची आणि मी निघाले की पदराआड हसायची. अण्णांना मात्र उघड अभिमान होता. आमची सुमन गाडी हाकते, असं त्यांनी शाळेत सांगितल्याचं मला नंतर कळलं. आता माझे गुडघे क्लच दाबायचे राहिले नाहीत, पण त्या जुन्या चामड्याच्या बैठकीचा वास अजून कधीतरी नाकात येतो आणि मी उगीच मागे वळून बघते.

त्याच उन्हाळ्यात ताईचं लग्न जमलं. वैजापूरचं घर, अडत्याचं, खाऊनपिऊन सुखी. साखरपुड्याला मंडळी एसटीनं जाणार असं अण्णांनी ठरवलं होतं. चाचांना हैदराबादला पुतणीच्या निकाहला जायचं होतं, नाहीतर ते स्वतःच आले असते. जायच्या आदल्या दिवशी ते आले आणि गाडीची किल्ली त्यांनी रेडिओवर ठेवली. अण्णा नको म्हणाले. त्यावर, लेकीच्या सासरी काय मोटार स्टँडवर उतरून धूळ झटकत जाणार, असं चाचांनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता निघून गेले. अण्णांनी ती किल्ली बराच वेळ तळहातावर धरून ठेवली होती.

साखरपुडा थाटात झाला. व्याह्यांनी गाडीभोवती एक फेरीसुद्धा मारली. परतीच्या वाटेवर, लासूरच्या अलीकडे, पुढून वाफ यायला लागली. अण्णांनी गाडी बाभळीखाली घेतली. झाकण गार व्हायची वाट बघत आम्ही सगळे उतरून उभे राहिलो. आईनं पिण्याच्या पाण्याची अख्खी सुरई गाडीला पाजली. थोडं पुढे आलं की पुन्हा तेच. वाटेतल्या प्रत्येक विहिरीशी थांबत आम्ही कसंबसं घर गाठलं. आमच्या अंगणात अण्णांनी खाली वाकून बघितलं तर रेडिएटरच्या बुडाशी नळ्या कुजून गेल्या होत्या. कथलाची झाळ लावून घ्यावी तर लावायला धड पत्रा उरला नव्हता.

बरोबर माझे मामा होते, मधुमामा. गंगापूरला शेती करायचे आणि विहिरीवरचं तेलाचं इंजिन स्वतः उघडून पुन्हा जोडायचे, त्यामुळे जगातलं कोणतंही यंत्र आपल्याला वश आहे अशी त्यांची समजूत होती. चाचा आले की त्यांना सांगू, मग बघतील ते, असं आई म्हणाली. मामांचंही तेच मत पडलं. अण्णांनी मान हलवली. रशीदनं हौसेनं गाडी दिली. लेकीच्या साखरपुड्याहून येताना तिनं आपल्याला रस्त्यावर उभं केलं हे ऐकलं तर त्याला लाज वाटेल, असं त्यांचं म्हणणं. आणि खर्चही तो आपल्याला करू देणार नाही. शिवाय गाडी आपल्या हाती असताना बिघडली, तेव्हा ती नीट करून छपराखाली उभी करायची, विषय संपला. त्या वेळी मला हे फार थोर वाटलं होतं. या शहरातली माणसं अदबीनं एकमेकांचा जीव घेतात, हे कळायला मला म्हातारं व्हावं लागलं.

अस्सल रेडिएटर मिळायचं तर मुंबईलाही मिळेल की नाही याची शंका होती. पण त्या जातीच्या गाड्या पुढे आपल्याकडेही बनायला लागल्या होत्या आणि त्यांचे दिल्लीकडचे नकली सुटे भाग बाजारात यायचे. मामा कुठूनसं एक नवं कोरं, जुन्यासारखाच काळा रंग मारलेलं रेडिएटर पोत्यात गुंडाळून घेऊन आले. बसवायचं मात्र घरीच, कारण गावातला एकूण एक मिस्तरी चाचांची गाडी ओळखत होता आणि चाचा स्टेशनवर उतरायच्या आत त्यांना बातमी मिळाली असती. रविवारी सकाळी अण्णांनी फाटकाला आतून कडी घातली. रस्त्यावरून दिसू नये म्हणून आईची दोन जुनी लुगडी दोरीवर वाळत घालावीत तशी पसरली. शेजारच्या काकू डोकावल्या, तेव्हा आज लुगडी फाटकाकडं का, असं त्यांनी विचारलं आणि आईनं ऊन तिकडं बरं पडतंय असं ठोकून दिलं.

काम मला वाटलं होतं त्याहून साधं निघालं आणि बसवताना तितकंच अवघड झालं. आधी खालची निचऱ्याची चकली सोडून उरलंसुरलं पाणी आईच्या घमेल्यात काढलं. मग वरची आणि खालची रबरी नळी सोडवली. वर्षानुवर्षं बसून त्या चिकटून गेल्या होत्या, त्या निघताना मामांच्या तोंडून जे शब्द निघाले ते ऐकू नयेत म्हणून आई आत गेली. बोल्ट काढून जुनं रेडिएटर पंख्याला धक्का न लावता वर उचलायचं काम माझ्याकडे होतं, कारण माझे हात बारीक. ते पितळेचं होतं आणि इतकं जड की माझे दंड थरथरायला लागले. नवं त्याच्या निम्म्या वजनाचं. ते जागेवर ठेवलं तर बोल्टच्या कानांची भोकं जुळेनात. अण्णांनी कानशीनं भोकं घासून लांबट केली, गणिताच्या मास्तराला शोभेल अशी रेघ मारून. नळीचं तोंड लहान पडत होतं. ते उकळत्या पाण्यात बुडवून, मऊ करून चढवलं. एका बाजूनं फट राहिली तिथं मामांनी जुन्या चपलेचा तुकडा कोंबला. "इंजिन म्हंजे इंजिन," ते म्हणाले, "विहिरीवरलं काय आन् हे काय. जरा ताणून बसलंय खरं, पर हलायचं नाय." पाणी भरून गाडी सुरू केली, झाकण उघडं ठेवून बुडबुडे थांबेपर्यंत वाट पाहिली. एक थेंब गळला नाही. अण्णा लहान मुलासारखे हसले आणि आईला म्हणाले, चहा टाक. जुनं रेडिएटर मामांनी जाता जाता शहागंजच्या भंगारवाल्याला देऊन टाकलं, घरात त्याचा मागमूस नको म्हणून.

चाचा हैदराबादहून आले, त्यांनी किल्ली घेतली, साखरपुड्याची हकीकत ऐकली. गाडीनं त्रास नाही ना दिला, असं विचारलं. अण्णा म्हणाले, मुळीच नाही, लोण्यासारखी चालली. त्या संध्याकाळी अण्णांना कोण आनंद झाला होता.

उरुसाच्या दिवसांत चाचा चाचींना घेऊन खुलताबादला निघाले. दौलताबादच्या चढावर रेडिएटरच्या शिवणीनं तोंड उघडलं. मामांनी ताणून बसवलेली ती बाजू रस्त्याच्या धक्क्यांनी उलली असणार. उरुसाची गर्दी, ऊन, चाची बुरख्यात रस्त्याच्या कडेला दगडावर बसलेल्या, आणि भोवती बघ्यांचं कोंडाळं. कुणीतरी एका मिस्तरीला बोलावून आणलं. त्यानं आत डोकावून सगळ्यांच्या देखत सांगितलं की हे अस्सल नाही, तुमचं पितळेचं कुणीतरी काढून घेतलं आणि हा डबा बसवला. चाचा-चाची मालट्रकमध्ये बसून परत आले. ही सगळी हकीकत दुसऱ्या दिवशी दूधवाल्यानं आमच्या दारात सांगितली आणि वर हसून म्हणाला की पितळेला काय भाव आलाय सध्या, लोक शेजाऱ्याच्या गाडीलाही सोडत नाहीत.

आईच्या हातातलं दुधाचं पातेलं तसंच राहिलं. तिनं डोक्यावर पदर घेतला, मी आत्ता जाऊन चाचींना सांगते म्हणाली. अण्णांनी दार अडवलं. आईशी ते कधी मोठ्यानं बोलले नव्हते, त्या दिवशीही आवाज चढला नाही, पण चेहरा पांढराफटक पडला होता.

"आता सांगायचं नाही," ते म्हणाले. "आधी सांगितलं असतं तर उपकार दाखवल्यासारखं झालं असतं. आता सांगितलं तर चोर सापडल्यावर बहाणे करतोय असं होईल."

"तुमाला चोर म्हणल असं माणूस हाय का त्ये?" आई म्हणाली. "कवापासून वळखताय तुमी त्यायला?"

"तो म्हणणार नाही. पण वाटेल त्याला. आणि वाटलं तर मला कळेल."

मीही बोलले. कॉलेजात शिकणारी, मला काय भीड. मी जाऊन सांगते, माझ्या हातांनी काढलंय मी ते, असं म्हणून मी चपला घातल्या. अण्णांनी आयुष्यात मला एकदाच शपथ घातली, ती त्या दिवशी, आणि ती स्वतःची होती. बापाची शपथ मोडायची नाही हे आमच्या अंगात इतकं मुरलेलं की मी चपला काढून ठेवल्या. आजच्या मुली हे वाचून हसतील. हसावंच त्यांनी.

त्या संध्याकाळी चाचा नेहमीप्रमाणे आले. रेडिओ लागला. बातम्या झाल्या आणि दोघांपैकी कुणीच त्यावर काही बोललं नाही. आईनं चहा आणला तो चाचांनी बशीत ओतून हळूहळू प्यायला. मी दाराआड उभी होते. मनात म्हणत होते, चाचा, विचारा. एकदा विचारा, की अण्णांना सांगावंच लागेल. रेडिओवर गाणी सुरू झाली, चाचांनी उठून तो बंद केला आणि उभ्याउभ्याच म्हणाले,

"देशमुख, सब खैरियत?"

"सब खैरियत," अण्णा म्हणाले.

"कुछ बोलना है मेरेकू?"

अण्णांनी मान हलवली. चाचा आणखी थोडा वेळ उभे राहिले, टोपी नीट केली आणि गेले.

दोस्ती तुटली असं कुणाला सांगून खरं वाटलं नसतं, कारण बाहेरून सगळं होतं तसंच होतं. ईदला शीरखुर्मा आला, विणलेल्या रुमालाखाली झाकून, पण चाचा स्वतः घेऊन यायचे तो आता नोकरासोबत यायला लागला. दिवाळीला फराळाचं ताट गेलं. भांडी जात होती, येत होती, एकही रिकामं परत गेलं नाही. ताईच्या लग्नात चाचांनी व्याह्यांना अत्तर लावलं, जेवणावळीत वाढायला उभे राहिले आणि अण्णांशी इतके अदबीनं बोलले की मला रडू आलं. ओट्यावर यायचं मात्र हळूहळू कमी झालं. कधी पोटाची तक्रार, कधी कचेरीचं काम. गाडीला त्यांनी पुन्हा नवं रेडिएटर घातलं म्हणे, पण ती क्वचितच निघायची. मी एकदा मैदानावर जायचं विचारलं तर डोक्यावर हात ठेवून म्हणाले, बेटा, गाडी अब बूढी हो गई. सकाळी पाणी ओतायचा आवाज यायचा, दांडा फिरायचा, आणि ओट्यावर दात घासत उभे असलेले अण्णा मान खाली घालून आत यायचे. त्या आवाजाला पाठ फिरवायची सवय त्यांना लागली ती गेलीच नाही. लोकांत मात्र ते रशीदबद्दल कुणाला एक वाकडा शब्द काढू द्यायचे नाहीत.

माझं लग्न झालं, नोकरी लागली, गावातच राहिले. आई गेली, तेव्हा चाचा दिवसभर आमच्या ओट्यावर बसून होते. अण्णा त्यांच्या शेजारी. मला वाटलं होतं आता बोलतील. दोघांनी मिळून लोकांना पाणी दिलं, एवढंच. मग एका हिवाळ्यात चाचा गेले. अण्णांनी काठी टेकत जनाज्याला खांदा दिला, माती दिली आणि घरी येऊन अंघोळ करून न जेवता झोपले.

चाळिसाव्या दिवसाचा चाळीसवा होऊन गेल्यावर मी चाचींना भेटायला गेले. अण्णांची शपथ मी इतकी वर्षं पाळली होती. पण ज्यांच्यापासून लपवायचं ते माणूसच उरलं नाही, आता कुणाला जपायचं, असं म्हणून मी बोलायला सुरुवात केली. चाचींनी माझं वाक्य पुरं होऊ दिलं नाही. उठून मला मागच्या छपराखाली घेऊन गेल्या. गाडी केव्हाच विकली होती. कोपऱ्यात सरपणापलीकडे ते जुनं पितळी रेडिएटर भिंतीला टेकून ठेवलेलं होतं, बुडाशी कुजलेलं, पण वरून पुसलेलं. उरुसाच्या दुसऱ्याच दिवशी चाचा स्वतः शहागंजात गेले होते. भंगारवाल्याकडे ते त्यांना मिळालं. ते कोण विकून गेलं हे त्यानं सांगितलं, आणि बूड बघितल्यावर त्यांना काय झालं असेल ते सगळं समजलं.

"म्हणजे चाचांना अण्णांचा संशय नव्हता?" मी विचारलं.

चाची माझ्याकडे बघत राहिल्या. "दीवानी हुई क्या? पूरी गाडी जिसने कडबे में संभाली, उसपे शक?" मग त्या सरपणावर बसल्या. "उनकू दूसरी बात लगी. बोले, देशमुख ने मेरेकू गैर समझा. अपना समझता तो आके बोलता, रशीद, तेरी गाडी ने धोका दिया, चल ठीक कराते. चुपके से एहसान उतार दिया. यारी में कोई एहसान उतारता क्या? अब मेरा उसपे कुछ हक नहीं रहा, बोले."

तुम्ही का नाही बोललात, असं मी विचारलं. चाची म्हणाल्या, मी किती वेळा म्हटलं, जाऊन विचारा. तर त्यांचं एकच उत्तर, मी विचारलं तर त्याला शरम वाटेल. तो आपणहून सांगेल.

घरी आले तेव्हा अण्णा खाटेवर बसून पेपर वाचत होते. मी सगळं सांगितलं. ते चाचांचं बोलणं त्यांनी मला पुन्हा एकदा, जसंच्या तसं, चाचींच्या शब्दांत सांगायला लावलं. चोर समजत नव्हता, एवढंच एकदा पुटपुटले, आणि त्यात सुटका होती की काय ते मला कळलं नाही, कारण लगेच त्यांनी चष्मा काढला आणि उपरण्यानं तोंड झाकून घेतलं. मी त्यांना रडताना त्याआधी पाहिलं नव्हतं. आई गेली तेव्हाही नाही. मला त्यांचा राग आला होता, दोघांचाही. इतकी शहाणी माणसं, एका ओट्यावर बसून म्हातारी झाली आणि एक वाक्य कुणाच्या तोंडातून निघालं नाही. तो राग अजून पुरता गेलेला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी अण्णांनी धुतलेलं धोतर नेसलं, टोपी घातली आणि मला म्हणाले, चल, भाभींकडे जाऊन येऊ. मला वाटलं ते माफी मागतील, निदान खुलासा करतील. चाचींनी त्यांना बैठकीत बसवलं, तब्येत विचारली. अण्णांनीही त्यांच्या मुलांची चौकशी केली. मग ते जमिनीकडे बघत राहिले. ते बोलले तेव्हा त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही.

"भाभी, भूक लागलीय. घरात काही असेल तर वाढा."

चाची आत गेल्या आणि आतून ताटल्यांचा आवाज यायला लागला. खट्टी दाल आणि भात होता. चाचींनी खाली चटई टाकली, अण्णा काठी बाजूला ठेवून कष्टानं मांडी घालून बसले आणि खाऊ लागले. अर्ध्यात त्यांचा हात थांबला.

"रशीदकडं मी कधी काही मागितलं नाही," ते म्हणाले.

"मालूम है," चाचींनी त्यांच्या भातावर आणखी दाल वाढली. "उनों राह देखते थे."